साडेअकरा पौंड, दहा वर्षं, अकरा दिवस

हा भाग ज्यांना कानाने ऐकायला वेळ नाही, किंवा लोकलमध्ये ज्यांचं नेटवर्क कायम दादर ते कुर्ला गायब असतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून देतेय. बोलताना सुटलेली दोन-तीन वाक्यं इथे सावरली आहेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

गेल्या महिन्यात विदर्भातल्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. साडेचार मिनिटांचा. त्याला एका फेलोशिपची निवड कळली होती. जिल्हा प्रशासनाबरोबर काम, महिन्याला ठरलेलं मानधन, मुदत एक वर्षाच्या आत संपणारी. घरच्यांचं म्हणणं असं, की हे संपल्यावर पुढे काय? त्याचं म्हणणं, ताई, तुम्ही पण केलीय ना अशीच एक, मग सांगा, यातून खरंच काही होतं का?

मला लगेच उत्तर देता आलं नाही. मी केली होती, हे खरं. कुठे आणि कोणत्या खात्यात ते सांगत नाही. पहिल्या दिवशी मला बसायला खुर्ची नव्हती. स्टोअरमधून एक प्लास्टिकची खुर्ची आणली आणि साहेबांच्या केबिनबाहेर, झेरॉक्स मशीनशेजारी ठेवली. पुढचे सगळे महिने मी तिथेच. एका गावाच्या पाण्याच्या योजनेवर मी सदतीस पानांचा अहवाल केला. तो कपाटात गेला. मुदत संपली. गावातल्या बायकांना म्हणाले होते, परत येते. गेले नाही. पुण्यात नोकरी मिळाली होती.

त्यामुळे "यातून काही होतं का" या प्रश्नाला हो म्हणताना माझी जीभ अडखळते. मग मी तेच केलं जे उत्तर येत नसलं की करते. मागे गेले, इतिहासात. आपल्याकडचा या प्रकारातला सगळ्यात मोठा दाखला काढला आणि नीट वाचला. नीट म्हणजे ज्या भागावरून आपण भाषणात पटकन पुढे जातो, तिथे थांबून.

तारीख ४ जून १९१३. ठिकाण बडोदा. बावीस वर्षांचा एक तरुण बडोदा संस्थानच्या शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्यासमोर एका करारनाम्यावर सही करतोय. करार साधा आहे. संस्थान तुला अमेरिकेत शिकायला पाठवेल, महिन्याला साडेअकरा पौंड देईल, तीन वर्षं देईल. तू ठरलेला अभ्यास करशील, आणि परत आल्यावर बडोदा संस्थानची दहा वर्षं नोकरी करशील.

सही करणाऱ्याचं नाव भीमराव रामजी आंबेडकर.

आता तुम्ही म्हणाल, ताई, हे तर माहितीय. शाळेत वाचलंय, जयंतीला ऐकलंय. थांबा जरा. मला त्या दहा वर्षांच्या अटीबद्दल बोलायचंय. आजच्या भाषेत त्याला आपण बॉन्ड म्हणतो. आणि या बॉन्डचं पुढे काय झालं, ही खरी गोष्ट आहे.

आधी थोडं मागे. भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले, मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून. महार समाजातला मुलगा मॅट्रिक होणं ही त्या काळात सभा भरवण्याइतकी मोठी घटना होती, आणि सभा भरलीही. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते. त्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर नावाचे एक शिक्षक होते. त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र या मुलाला भेट दिलं. हे पुस्तक पुढे किती लांब गेलं ते तुम्हाला ठाऊक आहे. पण केळुसकरांनी केलेलं दुसरं काम जास्त व्यवहाराचं होतं. सुभेदार रामजींची पेन्शन कॉलेजला पुरेना, तेव्हा केळुसकर या मुलाला घेऊन सयाजीराव गायकवाड महाराजांकडे गेले. महाराजांनी प्रश्न विचारले, उत्तरं आवडली, आणि महिना पंचवीस रुपये सुरू झाले. त्या पैशांवर एल्फिन्स्टन कॉलेजची बी.ए.

मला कायम वाटतं की फेलोशिपच्या गोष्टीत देणाऱ्याचं नाव मोठं होतं, घेणाऱ्याचंही होतं, पण हाताला धरून दारापर्यंत नेणारा राहून जातो. तुमच्यापैकी किती जणांना अशा कुणीतरी फॉर्मची लिंक पाठवली होती? तोच तुमचा केळुसकर.

सयाजीरावांनी हे का केलं असेल? ते स्वतः मालेगाव तालुक्यातल्या कौळाणे गावच्या शेतकरी घरातले. बाराव्या वर्षी दत्तक गेले आणि थेट गादीवर. त्यानंतर सगळं शिक्षण. म्हणजे शिक्षण मिळालं तर माणूस कुठून कुठे जातो, हे त्यांनी पुस्तकात वाचलेलं नव्हतं. त्यांनी अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढल्या, तिथे शिकवायला सवर्ण शिक्षक मिळेनात अशी अवस्था, तरी काढल्या. १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा अशी सक्ती नव्हती. विठ्ठल रामजी शिंदे यांनाही बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली होती. तेच शिंदे पुढे ऑक्सफर्डहून परतले आणि १९०६ मध्ये मुंबईत त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन उभं केलं.

इथे एक आडवळण घेते, दोन मिनिटांचं. शिकणाऱ्याला सरकारी तिजोरीतून पैसे द्यायचे, ही कल्पना आपल्याकडे नवी नव्हती. पेशवाईत श्रावणात पुण्याला दक्षिणा वाटली जायची. देशभरातून विद्वान यायचे. फक्त रांगेत कोण उभं राहू शकतं ते जन्माने ठरलेलं असायचं. पेशवाई गेली, इंग्रजांनी तो निधी पूर्ण बंद न करता हळूहळू वळवला. १८४९ मध्ये लोकहितवादी आणि इतर काही सुधारकांनी अर्ज केला की यातले पैसे मराठी ग्रंथांसाठी वापरा. पुण्यात मोठा गदारोळ झाला. आणि पुढे त्याच दक्षिणा फंडातून जोतीराव फुल्यांच्या अस्पृश्य मुलांच्या शाळांना महिना पंच्याहत्तर रुपये मिळू लागले. रानडे आणि भांडारकर हे दोघेही उमेदवारीच्या काळात दक्षिणा फेलो होते. फेलो हा शब्द मराठी माणसाच्या कानावर असा दीडशे वर्षांहून जुना आहे बरं का, कालच्या जीआरमध्ये जन्मलेला नाही. आडवळण संपलं.

तर बी.ए. झाल्यावर १९१३ च्या जानेवारीत भीमराव बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. वडिलांना हे पसंत नव्हतं. बडोद्यात पोराचे हाल होतील असं त्यांना वाटत होतं, आणि त्यांना सैन्यातली आणि जगातली जात माहीत होती. काहीच दिवसांत तार आली, वडील गंभीर आहेत. धनंजय कीरांनी चरित्रात लिहिलंय की येताना भीमराव सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी सुटून गेली. मुंबईला पोचायला उशीर झाला. २ फेब्रुवारी १९१३ ला रामजी गेले. त्यानंतर चार महिन्यांनी तो करारनामा.

साडेअकरा पौंड गुणिले छत्तीस महिने. चारशे चौदा पौंड. मी कॅल्क्युलेटरवर केलं तेव्हा आकडा एवढासा वाटला. आणि या रकमेत न्यूयॉर्कमध्ये राहायचं, खायचं, आणि मागे मुंबईत रमाबाई आणि लहानग्या यशवंतचं घर आहे, तिकडेही पाठवायचं.

त्यातून काय विकत मिळालं ते बघा. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी घेतलेल्या विषयांची मोजदाद अभ्यासकांनी केलीय. अर्थशास्त्राचे एकोणतीस कोर्स. इतिहासाचे अकरा. समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र वेगळं. थोडं फ्रेंच, थोडं जर्मन. जॉन ड्युई, एडविन सेलिग्मन यांच्यासारखे प्राध्यापक. १९१५ मध्ये एम.ए., विषय ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि अर्थव्यवहार. मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात जातिसंस्थेवरचा तो प्रसिद्ध निबंध. नुकताच पंचविशी ओलांडलेला मुलगा. आणि हाताशी येतील ती जुनी पुस्तकं विकत घ्यायचा सपाटा. पोट मारून. अशी सुमारे दोन हजार जमली.

पण मला यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती डिग्री नाही. बाबासाहेबांनी नंतर स्वतः लिहून ठेवलंय, की परदेशातल्या त्या पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसली गेली होती. पाच वर्षं त्यांना कुणी तशी आठवण करून दिली नव्हती. वसतिगृहात जेवणाच्या टेबलावर इतरांसारखंच बसायचं, नवल भथेना या पारशी मित्राबरोबर खोली वाटून घ्यायची. साडेअकरा पौंडांनी हेही दिलं होतं. करारात ते लिहिलेलं नव्हतं.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन, दोन्हीकडे नाव घातलं. आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली. परत बोलावणं आलं. करार म्हणजे करार. विद्यापीठाकडून अभ्यास पुढे चालू ठेवायची परवानगी मिळवून, अर्धवट काम तसंच ठेवून १९१७ च्या ऑगस्टमध्ये ते मुंबईत उतरले. पहिलं महायुद्ध चालू होतं. त्यांचं सामान वेगळ्या जहाजाने येत होतं, ते जहाज पाणसुरुंगाने म्हणा, टॉर्पेडोने म्हणा, बुडालं. पुस्तकं तळाला गेली. नुकसानभरपाई म्हणून जे पैसे मिळाले, त्यातलेच खर्चून ते बडोद्याला गेले.

म्हणजे बॉन्ड पुरा करायला जायचं गाडीभाडंसुद्धा बुडालेल्या पुस्तकांनी दिलं.

आता बडोदा, सप्टेंबर १९१७. माणूस एम.ए. आहे, पीएच.डी.चा प्रबंध लिहून झालाय, लंडनमध्ये दोन संस्थांत नाव आहे. महाराजांचे लष्करी सचिव म्हणून नेमणूक, आणि पुढे अर्थखातं सोपवायचा विचार, असं चरित्रात येतं. संस्थानने ज्या गुणांसाठी पैसे मोजले ते सगळे गुण घेऊन तो स्टेशनवर उतरलाय. आणि त्याला एकच प्रश्न पडलाय. राहायचं कुठे?

हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहिलाय, त्यामुळे मी माझ्या मनाचं काही घालत नाही. हिंदू खानावळीत, हॉटेलात जाता येत नव्हतं, म्हणजे नाव बदलून गेलं तर जाता आलं असतं, पण ओळख उघडी पडली तर काय होईल ते माहीत होतं. ओळखीच्यांकडे जायचं तर त्यांची अडचण होईल. मग एका पारशी धर्मशाळेचा पत्ता कळला. व्यवस्थापकाच्या लगेच लक्षात आलं की पाहुणा पारशी नाही, अंगात सदरा-कस्ती नव्हती. पण धर्मशाळेत कुणी येत नव्हतं, चार पैसे मिळत होते. तोड निघाली. वहीत पारशी नाव लिहायचं, दिवसाला दीड रुपया.

वरच्या मजल्यावर एक खोली. बाकी सगळा मजला म्हणजे एक मोठा दिवाणखाना, मोडक्या खुर्च्या, फळ्या, बाकं, अडगळ. वीज नाही. संध्याकाळी व्यवस्थापक एक कंदील आणून द्यायचा, त्याचा उजेड हातभर. बोलायला माणूस नाही. कोलंबियात तीन वर्षं वाद घातलेला माणूस रात्री त्या अडगळीत एकटा पुस्तक वाचत बसायचा. दिवसा कचेरीत काय, तर शिपाई कागद हातात देत नव्हते, लांबून टाकत होते. पाणी प्यायला मिळत नव्हतं.

अकराव्या दिवशी सकाळी ते ऑफिसला निघाले होते. जिन्यावर पावलं वाजली. डझनभर पारशी, हातात काठ्या. धर्मशाळा बाटवली म्हणून जाब. बाबासाहेबांनी एक आठवड्याची मुदत मागितली. मिळाली नाही. संध्याकाळपर्यंत निघायचं.

मग ते एका हिंदू मित्राकडे गेले. मित्राला वाईट वाटलं, पण तुम्ही घरी आलात तर नोकर जातील, म्हणाला. नंतर एक ख्रिस्ती मित्र. त्याने बायकोला विचारून सांगतो म्हटलं. त्या उत्तराचा अर्थ लपलेला नव्हता. सरकारी बंगल्यासाठी हालचाल केली होती, ती कागदावरच होती. मुंबईची गाडी रात्रीची. तोपर्यंतचे तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले. आजचं सयाजीबाग.

मी दोन वर्षांपूर्वी तिथे गेले होते. आता त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात, सप्टेंबरच्या २३ तारखेला लोक जमतात. मी गेले तेव्हा भर उन्हात नागपूरकडचं एक कुटुंब आलं होतं, आजी, सून, दोन मुलं, वडाखाली डबा उघडून बसलेले. आजींनी मला पोळीभाजी दिली. तिथे बसून मी मोबाइलवर त्यांचं ते लेखन पुन्हा वाचलं. त्यात निश्चयाचं, शपथेचं वर्णन मला सापडलं नाही. जे आहे ते असं की मन अर्धं रिकामं आणि अर्धं दुःखी होतं, आणि एखाद्या एकट्या पडलेल्या मुलाला आठवतात तसे आई-वडील आठवत होते. अठरा वर्षांनी हे लिहितानाही त्यांचे डोळे भरून येतात असं ते म्हणतात. संकल्प तिथेच झाला असेल, नंतर झाला असेल. मला त्या रिकाम्या मनाचं जास्त खरं वाटलं. वडील म्हणाले होते बडोद्याला जाऊ नकोस.

आता करारनामा परत काढू. त्यात अभ्यास काय करायचा ते होतं. रक्कम होती. मुदत होती. परत आल्यावर दहा वर्षं, हे होतं. नव्हतं काय? तर बडोदा त्याला आपलं म्हणेल, असं एकही कलम नव्हतं. सगळ्या अटी जाणाऱ्यावर. ज्या कचेरीत तो परतणार त्या कचेरीवर एकही नाही. महाराजांची नियत चांगली होती, मला त्यात शंका नाही. पण एका माणसाला चारशे चौदा पौंड देऊन बदलता येतं. शिपाई, दिवाणखाना, खानावळ, मित्राच्या घरचे नोकर, यांचं काय?

माझी प्लास्टिकची खुर्ची आणि तो कंदील, यांची तुलना मी करत नाहीये, कृपा करून तसं कुणी ऐकू नका. माझ्या जातीमुळे मला कुणी काठी दाखवली नाही, गैरसोय आणि अपमान यात दरी असते. पण एक गोष्ट मला त्या खुर्चीवरून कळली होती आणि बडोद्याच्या गोष्टीत ती सापडली. वर बसलेला माणूस फेलो नेमतो. खाली बसलेल्या कचेरीला कुणी विचारलेलं नसतं.

तर दहा वर्षांचा बॉन्ड आठवड्यांत मोडला. कागदाच्या हिशेबाने बघितलं तर ही फेलोशिप पूर्ण फसली. संस्थानला माणूस मिळाला नाही, माणसाला संस्थान मिळालं नाही. कुणी ऑडिट केलं असतं तर लाल शाईने लिहिलं असतं, खर्च वाया.

पुढचं तुम्हाला तुकड्यातुकड्याने माहीत आहे, मी ते पैशाच्या बाजूने सांगते. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, महिना साडेचारशे. काटकसर करून पैसे साठवायला सुरुवात. जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे मताधिकारावर साक्ष. सार्वजनिक कामातलं हे पहिलं ठळक पाऊल, आणि त्यात वापरलेली आकडेवारी आणि युक्तिवादाची पद्धत कोलंबियात कमावलेली. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक', त्याला कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे अडीच हजार. त्याच वर्षी राहिलेला अभ्यास पुरा करायला पुन्हा लंडन. यावेळी एका राजाची शिष्यवृत्ती नाही. स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत, आणि नवल भथेनाकडून पाच हजारांचं कर्ज. म्हणजे कोलंबियातला तोच खोलीतला मित्र! पारशी धर्मशाळेत काठ्या होत्या, आणि पारशी मित्राच्या खिशात पाच हजार होते. इतिहास असा सोईस्कर नसतो म्हणून मला आवडतो.

१९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन परत, डी.एस्सी.ही त्याच वर्षी. आणि मग त्यांनी पहिली संस्था काढली ती कोणती? २० जुलै १९२४, बहिष्कृत हितकारिणी सभा. सुरुवातीच्या कामांतलं एक म्हणजे १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला उघडलेलं विद्यार्थी वसतिगृह. शिकणाऱ्या मुलांना राहायला जागा. मी या ओळीवर बराच वेळ थांबले होते. ज्या माणसाला सगळ्या पदव्या असून बडोद्यात एक खोली मिळाली नव्हती, त्याचं सुरुवातीचं एक काम म्हणजे खोल्या. त्यांनी त्या अकरा दिवसांमुळे हे केलं असं कुठे लिहिलेलं नाही, मी जोडते आहे, तुम्ही मानलंच पाहिजे असं नाही.

त्याच वर्षी, १९२५ मध्ये, त्यांचा प्रांतिक अर्थकारणावरचा ग्रंथ आला, कोलंबियाच्या पीएच.डी.चा. प्रस्तावना सेलिग्मन यांची. आणि अर्पणपत्रिका? सयाजीराव गायकवाडांना. आपल्या शिक्षणाला केलेल्या मदतीबद्दल कृतज्ञता म्हणून. बडोद्यातून ज्या अवस्थेत निघाले ते लक्षात ठेवून ही ओळ वाचा. देणाऱ्याबद्दलची कृतज्ञता आणि त्याच्या राज्यात झालेला अपमान, दोन्ही त्यांनी आपापल्या जागी ठेवलं. एकाने दुसरं झाकलं नाही.

आता शेवटचा टप्पा, आणि माझ्या मते या शिष्यवृत्तीचं खरं व्याज इथे आहे. १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगोंना एक निवेदन दिलं, अनुसूचित जातींच्या तक्रारींचं. त्यात शिक्षणाचा भाग ठसठशीत होता. सरकार बनारस आणि अलीगढला पैसे देतं, मग आमच्या मुलांच्या उच्च शिक्षणाला का नाही? देशात शिकायला द्या आणि परदेशी पाठवायलाही द्या. तीन लाखांची तरतूद झाली. १९४४ मध्ये मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. महाडीबीटीवर फॉर्म भरलाय ना? "अंडर स्क्रूटिनी" बघत बसलायत ना? ती हीच. तुमच्यापैकी कितीतरी जण हा पॉडकास्ट ऐकताय तो मोबाइलसुद्धा कदाचित त्या पैशांतून... बरं, ते राहू दे, ते आपल्यातच ठेवू.

फरक बघा काय झाला. पंचवीस रुपये मिळायला केळुसकर लागले, महाराजांची भेट लागली, महाराजांना उत्तरं आवडावी लागली. एक मुलगा निवडला गेला, तसे हजारो दारातच येऊ शकले नाहीत. तो मुलगा मंत्री झाल्यावर त्याने काय केलं, तर भेटीची गरजच काढून टाकली. राजाची मर्जी होती तिथे सरकारचा नियम आणला. तुम्हाला फॉर्म भरताना कुणाला मुजरा करावा लागत नाही. सर्व्हर डाऊन असतो, पण तो सगळ्यांना सारखाच डाऊन असतो.

आणि त्या योजनेतूनही सगळं सोनं निघालं नाही. हे मी म्हणत नाही. धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी मोठं भाषण केलं, त्यात हा सगळा किस्सा सांगितला. लिनलिथगोंशी झालेलं बोलणं, तीन लाख, परदेशी पाठवलेले सोळा विद्यार्थी. आपली माणसं मोक्याच्या जागांवर बसली पाहिजेत, तिथून समाजावर लक्ष ठेवता येतं, म्हणून ही मागणी केली असं ते सांगतात. आणि मग म्हणतात, मडकी भाजताना काही पक्की निघतात, काही कच्ची राहतात, तसं त्या सोळांचं झालं. ती परदेशी पाठवण्याची योजना पुढे बंद पडली, हेही तिथेच सांगतात. त्याच वर्षी मार्चमध्ये आग्र्याला त्यांनी आणखी कडू बोलून दाखवलं होतं. शिकलेल्या लोकांनी मला धोका दिला.

हे वाक्य माझ्या वाट्याला पण येतं, असं मला सयाजीबागेत त्या आजींच्या हातची पोळी खाताना वाटलं होतं. सदतीस पानं लिहून पुण्याला गेलेली मी. कच्चं मडकं.

तर दादा, तुझा व्हॉइस मेसेज. तुझ्या घरचे विचारतायत पुढे काय. नोकरीची हमी यात नाही, हे त्यांना खरंखरं सांग. तुझा करार नीट वाच, तुझ्यावर काय अटी आहेत ते वाच, आणि त्या कचेरीवर काय अटी आहेत ते विचार. बसायला जागा, सही करणारा अधिकारी, अहवाल कुणाकडे जाणार, हे पहिल्याच दिवशी विचार. लाजू नकोस, मी लाजले होते. आणि कुणी म्हणालं की एक वर्षात काय होतं, तर सांग की बडोद्यात अकरा दिवसच झाले होते.

मी त्या पाण्याच्या योजनेचं काय झालं ते विचारायला मागच्या आठवड्यात फोन केला. ज्या ताईंचा नंबर माझ्याकडे होता त्यांनी ओळखलं नाही आधी. मग म्हणाल्या, अगं ती झेरॉक्सवाली का? टाकी झालीय म्हणाल्या, पाणी एक दिवसाआड येतं. माझ्या अहवालामुळे झाली का, हे मी विचारलं नाही. येणार का म्हणाल्या, या दिवाळीनंतर. तारीख ठरवलीय.

पुढच्या भागात दक्षिणा फंडाची ती १८४९ ची भांडणं सविस्तर. आज आडवळणात उरकलं त्यावर आत्ताच चार जणांचे मेसेज येणार, मला माहीत आहे. भेटू.